ओआरएसवर बंदी आलेली नाही

ऑक्टोबर २०२५ पासून व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो आहे. मजकूर साधारण असा: सरकारने ओआरएसवर (जुलाबात पाण्यात मिसळून पाजायच्या क्षार-ग्लुकोजच्या औषधावर) बंदी घातली, त्यात भरमसाट साखर असते, जागतिक आरोग्य संघटनेनेही ते नाकारलं आहे, तेव्हा घरातली पाकिटं फेकून द्या आणि जुलाब झालेल्या मुलाला फळांचा रस, लिंबू सरबत किंवा नारळपाणी द्या. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, याबद्दल शंका नाही. पण हा मजकूर खरा मानून एखाद्या घरात जुलाबाने गळून गेलेल्या बाळाला ओआरएस नाकारलं गेलं, तर त्याची किंमत फार मोठी आहे. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर द्यायला हवं.

पहिला मुद्दा बंदीचा. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी आदेश काढला आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा खुलासाही केला. कोणत्याही खाद्यपदार्थाच्या किंवा पेयाच्या नावात, ट्रेडमार्कमध्ये 'ओआरएस' हा शब्द वापरायचा नाही. मागेपुढे अक्षरं जोडूनही नाही. आदेश एवढाच. फळांच्या स्वादाची गोड पेयं 'ओआरएस'सारखं नाव लावून औषधांच्या दुकानात, अगदी रुग्णालयांच्या आवारातही विकली जात होती, त्यांना तो लागू आहे. खरं ओआरएस हे औषध आहे. ते औषधांच्या कायद्याखाली, औषधाच्या परवान्यावर बनतं आणि देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. त्याला या आदेशाने हातही लागलेला नाही. उलट त्याचं नाव त्याला परत मिळालं.

हे नाव परत मिळवायला किती वर्षं गेली, हे मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक असतं तर त्याने तो लिहिलाच नसता. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी या पेयांविरुद्ध अनेक वर्षं आवाज उठवला, २०२२ मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयात जनहित याचिकाही केली. त्याच वर्षी ८ एप्रिलला प्राधिकरणाने असं नाव वापरायला मनाई केली होती. पण जुलैमध्ये माघार घेतली: नाव ठेवा, फक्त 'हे जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेलं ओआरएस नाही' असं वेष्टनावर छापा. रात्री दोन वाजता तापलेलं मूल कडेवर घेऊन दुकानात आलेल्या बापाने ही बारीक अक्षरं वाचावीत, अशी ही अपेक्षा! नाव मोठ्या अक्षरांत आणि खुलासा मुंगीएवढा. ही सवलत २०२५ च्या आदेशाने रद्द झाली, हे फार उशिरा झालं असलं तरी योग्यच झालं. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. एकीला सुरुवातीला तात्पुरता दिलासा मिळाला, दुसरीची याचिका ३१ ऑक्टोबरला फेटाळली गेली. नोव्हेंबरमध्ये प्राधिकरणाने राज्यांना असा माल दुकानांतून काढायला सांगितलं. दुकानातून खोके उचलून नेतानाचे जे व्हिडिओ 'ओआरएस जप्त' म्हणून पाठवले जातात, ते याच पेयांचे असतील तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता साखर. मेसेजचा सगळा जोर यावर आहे आणि नेमकं इथेच त्याचं गणित उलटं आहे. खऱ्या ओआरएसच्या एक लिटर द्रावणात १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे जेमतेम तीन छोटे चमचे. सोबत २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट. हे ग्लुकोज चवीसाठी घातलेलं नसतं. आतड्याच्या अस्तरात मिठातलं सोडियम आणि ग्लुकोज यांना सोबतीनेच आत घेणारी एक वाट असते. जुलाबात बाकीचं बरंच बिघडलं तरी ही वाट चालू राहते. ग्लुकोजबरोबर सोडियम आत जातं आणि त्यांच्यामागोमाग पाणी. म्हणून द्रावणात दोघांचं प्रमाण सारखं ठेवलेलं असतं, वजनाने नव्हे, कणांच्या संख्येने. ग्लुकोज काढून टाकलं तर मिठाचं पाणी आतड्यात तसंच राहील. आणि साखर कित्येक पट वाढवली, जशी त्या गोड पेयांत असते, तर पाणी उलट शरीरातून आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. भरमसाट साखरेची तक्रार खरी आहे, पण ती या पेयांबद्दल आहे. मेसेजने ती औषधाच्या माथी मारली. वर उपाय म्हणून फळांचा रस सुचवला, ज्यात साखर जास्त आणि सोडियम नाममात्र!

जागतिक आरोग्य संघटनेने ओआरएस नाकारल्याचं तर कुठेही नाही. झालं असेल ते असं: २००२ च्या सुमारास संघटनेने आणि युनिसेफने जुनं सूत्र बदलून साखर आणि मीठ दोन्ही कमी केलं. आधी ग्लुकोज लिटरला २० ग्रॅम असे. नवं सूत्र अधिक सौम्य निघालं, तेच आज आपल्याकडे मिळतं. सूत्र सुधारलं, याला नाकारणं म्हणत नाहीत.

या औषधाची ताकद १९७१ मध्ये आपल्या शेजारीच सिद्ध झाली. बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले, बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात मिसळून ते तोंडाने पाजायला सुरुवात केली. पाजणारे बहुतेक नातेवाईकच होते. जिथे शंभरातले तीस दगावत होते, तिथे हे प्रमाण चारच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आणि इतक्या वर्षांनंतरही, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार, जुलाब झालेल्या मुलांपैकी ६०.६ टक्क्यांनाच ओआरएस मिळालं होतं. उरलेल्यांत अशा मेसेजने भर पडू नये, एवढीच तळमळ आहे.

लिंबू सरबत, पेज, ताक, नारळपाणी द्यायला हरकत नाही. मुलाचं खाणंपिणं बंद करूच नये, अंगावरचं दूध तर मुळीच नाही. पण ते ओआरएसच्या जोडीला. पाकीट मिळेपर्यंत एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे घरची साखर (ती निव्वळ ग्लुकोज नसते, म्हणून चमचे जास्त) आणि अर्धा सपाट चमचा मीठ चालतं. त्यात पोटॅशियम नसतं आणि मीठ अंदाजाने पडलं तर अपाय होतो, म्हणून पाकीट मिळताच तेच सुरू करावं.

पाकिटं फेकण्याआधी ती उलटून पाहा. एफएसएसएआयचं चिन्ह आणि १४ आकडी परवाना क्रमांक असेल, तर ते खाद्यपदार्थ आहे. जुलाबात देऊ नका. औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक आणि वर दिलेले चार घटक असतील, तर ते खरं आहे. पावडर असो वा तयार द्रावण, फरक याच खुणांनी कळतो. आशाताईंकडे आणि आरोग्य उपकेंद्रात क्षारसंजीवनी म्हणून मिळतं ते हेच, तेही मोफत. मोठं पाकीट पूर्ण एक लिटरमध्ये, छोटं असेल तर त्यावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात, बहुधा २०० मिलिलिटर. वरून साखर, दूध, रस काही घालायचं नाही. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश.

डोळे खोल गेले, चिमटीत धरलेली पोटाची कातडी हळूहळू खाली बसू लागली, मूल पेंगुळलं किंवा पिईनासं झालं, शौचात रक्त दिसलं, तर घरी थांबू नका. लगेच दवाखाना गाठा, आणि मूल शुद्धीवर असून पीत असेल तर वाटेतही घोट घोट ओआरएस चालू ठेवा.