शेक किती बसला, हे मोजतंय कोण?

आमच्या गावाकडच्या ग्रुपवर सध्या एकच विषय चाललाय, कॅन्सरच्या शेकाचं, म्हणजे रेडिएशनच्या उपचाराचं, मशीन कुठं यायला पाहिजे. लातूरवाले म्हणतात लातूरला, बीडवाले म्हणतात गुटख्यानं तोंडं गेलेली माणसं आमच्याकडं बघा आधी, आणि धाराशिवचे एक भाऊजी रोज लिहितात की बार्शी जवळ आहे या नावाखाली आम्हाला कायम टाळलं जातं. सगळ्यांचं बरोबरच आहे हो. तोंडाच्या कॅन्सरला साधारण सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस शेक घ्यायचा, आणि त्यासाठी बार्शी गाठा, नाहीतर संभाजीनगर, नाहीतर सरळ परळीहून परळ, टाटाच्या बाहेर फुटपाथवर झोपलेले आपल्याकडचे लोक बघितलेत मी, त्यामुळं मशीन जवळ पाहिजे यावर माझं काही म्हणणंच नाही. पण आलेल्या मशीनमधून पेशंटला नक्की किती डोस बसतो आणि तो कोण मोजतं, हा प्रश्न त्या शेकडो मेसेजमध्ये एकानंही विचारलेला नाही.

मी अंबाजोगाईचा, आता इंग्लंडच्या उत्तरेकडं एका हॉस्पिटलात मेडिकल फिजिसिस्ट आहे, म्हणजे डॉक्टर नाही, डॉक्टरनं लिहिलेला डोस मशीन खरंच देतंय का ते बघणारा. म्हणून जरा लांबड लावतो.

पहिली गोष्ट, मशीन नवंकोरं आहे म्हणजे डोस बरोबर आहे असं नसतं. लिनॅकच्या, म्हणजे शेकाचे किरण विजेवर तयार करणाऱ्या मशीनच्या, आत स्वतःचं मोजणारं यंत्र असतं, पण त्याच्या किती आकड्यांना एक ग्रे (डोस मोजायचं एकक) धरायचा हे फिजिसिस्ट ठरवून देतो. कसं, तर पाण्याची टाकी ठेवायची, त्यात 10 सेंटिमीटर खोलीवर बोटाच्या टोकाएवढं आयन चेंबर, म्हणजे किरण मोजायची हवेची छोटी पोकळी, सोडायचं, किरण सोडायचे आणि चेंबरमध्ये जमलेला चार्ज मोजायचा. तो आकडा चुकला की त्या मशीनवर येणारा प्रत्येक पेशंट चुकतो. एक नाही, सगळे.

आणि चूक किती साधी असू शकते बघा. चेंबर हवेला उघडं असतं, हवा विरळ असली की चार्ज कमी जमतो, म्हणून दाब आणि तापमान बघून दुरुस्ती करावी लागते. तापमानात तीन डिग्रीचा फरक म्हणजे जवळपास एक टक्का, म्हणजे उन्हाळ्यात लाईट जाऊन एसी बंद पडला आणि टाकीतलं पाणी खोलीच्या तापमानाला यायच्या आधीच घाई केली तर तेवढं गेलंच. दाबाचं तर त्याहून भारी आहे. समुद्रसपाटीला दाब 1013 हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, संभाजीनगर साडेपाचशे मीटरच्या वर, तिथं तो साधारण 947 भरतो. मोबाईलवरचं हवामान ॲप मात्र हजाराच्या वरचा आकडा दाखवतं, कारण ते दाब समुद्रसपाटीला आणून सांगतात. कुणी घाईत तोच आकडा भरला की डोस सहा-सात टक्के कमी मोजला जातो, मग आपल्याला वाटतं मशीन कमी देतंय, आपण ते वर करतो, आणि त्यानंतरच्या प्रत्येक माणसाला सहा-सात टक्के जास्त शेक बसतो. कागदावर सगळं टकाटक. उद्या परत मोजा, परत तेच ॲप, परत तेच उत्तर. ही मी रचलेली गोष्ट नाही, उंचावरच्या एका हॉस्पिटलात विमानतळाचा समुद्रसपाटीचा दाब वापरून लोकांना जास्त डोस गेल्याची नोंद आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या, म्हणजे आयएईएच्या, अपघातांच्या अहवालात आहे. मुंबईत किंवा लंडनमध्ये ही चूक केली तरी कळायची नाही, फरकच पडत नाही तिथं. आपल्याकडं पडतो.

सहा-सात टक्क्यांनी काय होतंय, असं एका काकांनी विचारलंच. 1976 साली आयसीआरयूनं, म्हणजे किरणांच्या मोजमापाचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं, सांगितलं की डोस पाच टक्क्यांच्या आत बरोबर बसला पाहिजे, आणि ते उगीच नाही. पाच टक्के इकडंतिकडं झालं की गाठ आटोक्यात येण्याची शक्यता दहा ते वीस टक्क्यांनी हलू शकते. जास्त झाला तर कातडी, तोंड, गिळणं सगळ्याचे हाल, ते निदान दिसतं तरी. कमी झाला तर काहीच दिसत नाही, उलट पेशंट खूश असतो की मला काही त्रासच झाला नाही बघा, आणि वर्षा-दोन वर्षांनी गाठ परत आली की आपण म्हणतो आजारच वाईट होता, नशीब. कमी डोसची तक्रार घेऊन कोणी येत नाही.

आता ग्रुपवरच्या मामांचं लाडकं वाक्य, तुमच्या इंग्लंडात सगळं कसं परफेक्ट आणि आपल्याकडं निस्तं जाळून ठेवतात. मामा, 1988 साली याच इंग्लंडमध्ये एक्सेटरला नवीन कोबाल्ट सोर्स, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मशीनमधला किरण सोडणारा किरणोत्सारी तुकडा, बसवताना मोजमाप चुकलं आणि 207 लोकांना 25 टक्के जास्त डोस गेला. स्टोकला तर कॉम्प्युटर मशीन आणि पेशंटमधल्या अंतराची दुरुस्ती आधीच करत होता, तीच माणसं हातानं परत करत राहिली, 1982 पासून 1991 पर्यंत, हजाराच्या वर पेशंटना कमी डोस, काहींना 35 टक्क्यांपर्यंत कमी. नऊ वर्षं! आणि ती माणसं अडाणी नव्हती, शिकलेली, प्रामाणिक, रोज नीट हिशेब करणारी होती. आज इथं शेजारच्या हॉस्पिटलचे फिजिसिस्ट स्वतःचं चेंबर घेऊन आमचं मशीन मोजायला येतात, आम्ही त्यांचं मोजायला जातो, कुणाला राग येत नाही. हे शहाणपण असल्या ठेचा खाऊनच आलंय. बाकी वेटिंग म्हणाल तर इथंही आहे, कॅन्सरच्या संशयापासून 62 दिवसांत उपचार सुरू करायचं टार्गेट कित्येक वर्षं पाळलं जात नाही, त्यामुळं स्वर्ग वगैरे डोक्यातून काढा.

उलट बाजूनं चुलतभाऊ म्हणतो, दादा तू तिकडं बसून शिकवू नको. मान्य, पण मी तिकडचं काही आणायला सांगतच नाहीये. ट्रॉम्बेला बीएआरसी, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्र, आहे, ती टपालानं टीएलडीच्या (बसलेला डोस साठवून ठेवणाऱ्या पावडरीच्या) छोट्या कॅप्सूल हॉस्पिटलांना पाठवते, हॉस्पिटलनं सांगितलेला डोस द्यायचा, कॅप्सूल परत पाठवायची, तिथं वाचून कळतं की खरंच किती बसला. जगात आयएईए हेच काम 1969 पासून करतेय. आणि त्या कॅप्सूलला हवेच्या दाबाशी देणंघेणंच नाही, म्हणून वर सांगितलेली ॲपवाली चूक ती बरोबर पकडते. एवढी स्वस्त आणि एवढी खमकी तपासणी दुसरी नाही. एईआरबीचे, म्हणजे देशाच्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे, नियमही आहेत, क्वालिफाइड फिजिसिस्ट आणि रेडिएशन सेफ्टी ऑफिसर असल्याशिवाय मशीन चालवता येत नाही.

मग अडतंय कुठं? माझ्या मते आपल्या विचारण्यात. कारखान्यावर ऊस घालताना आपण काटामारीवरून रस्ता अडवतो, बाहेरच्या काट्याची पावती कारखान्यानं मानलीच पाहिजे म्हणून भांडतो, आणि आईला शेक देताना बाहेरच्या काट्याचं नावसुद्धा काढत नाही. विचारा ना, तुमच्या मशीनची बाहेरून शेवटची तपासणी कधी झाली, किती टक्के फरक आला. चांगला फिजिसिस्ट असेल तर खूशच होईल, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या कामाचं विचारलं म्हणून. खरं तर हा आकडा तारखेसकट वेटिंग रूमच्या भिंतीवर लागला पाहिजे, फुले योजनेच्या बोर्डाशेजारीच. आमच्याकडंही भिंतीवर लावत नाहीत, याबाबतीत दोन्ही देश सारखेच लाजाळू, आणि मला दोन्हीकडं ते पटत नाही.

जुन्या कोबाल्टला नाकं मुरडणाऱ्यांनाही एक सांगतो. भाभाट्रॉन आपल्याच देशात बनलेलं साधं, दणकट कोबाल्ट मशीन आहे, सोर्स महिन्याला साधारण एक टक्का उतरतो, तेवढा वेळ वाढवत गेलं आणि तक्ता वेळच्या वेळी बदलला की डोस बरोबर. नीट मोजलेलं कोबाल्ट हे न मोजलेल्या झगमगीत लिनॅकपेक्षा केव्हाही बरं, पण त्याची फीत कापताना फोटो भारी येत नाही ना.

मामांचं शेवटचं उत्तर आलं, आधी मशीन तर येऊ दे, काट्याचं नंतर बघू. हेच उलटं पाहिजे. फिजिसिस्ट बनायला फिजिक्सची एमएस्सी, वर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा, वर वर्षभराची इंटर्नशिप, तो काही मशीनच्या खोक्यात पॅक होऊन येत नाही. आणि एकटा माणूस नेमला तर दिवसभर पेशंटचे प्लॅन करून मोजमाप रात्री जागून करणार, आजारी पडला की तेही नाही. तेव्हा आमदारांना निवेदन द्यायला जाणारच आहात तर मशीनच्या मागणीखाली दुसरी ओळ घाला, किमान दोन फिजिसिस्टची कायम पदं, आणि त्यांची जाहिरात मशीनच्या टेंडरबरोबरच. मसुदा मी रविवारी टाईप करून टाकतो, लातूर का बीड ती जागा मोकळी सोडतो, तेवढं तुम्ही भांडून भरा.