टर्बो उतरवताना

पन्नाशीतल्या माणसाने पुतण्याची जुनी गिअरची सायकल वापरायला काहीच हरकत नसते. हरकत असते ती तिच्या तिरक्या नळीवर पिवळ्या ज्वाळांमध्ये लिहिलेल्या ‘टर्बो एक्स्ट्रीम’ या शब्दांना, कारण माझा चढावरचा वेग पाहता तो मजकूर म्हणजे जनतेची उघड उघड दिशाभूल होती.

स्टिकर काढायचे आहेत, एवढे पार्किंगमध्ये मोठ्याने म्हणायचा अवकाश, की सल्लागार मंडळ भरले. एकाने रॉकेल सांगितले, जे हल्ली शोधूनही सापडत नाही. दुसऱ्याने थिनर सुचवले, जे स्टिकरबरोबर फ्रेमचा रंगही तेवढ्याच तत्परतेने उतरवते. हेअर ड्रायरचे नाव मात्र कोणी घेतले नाही, आणि खरा उपाय तोच होता. स्टिकरमागचा गोंद ऊब मिळाली की मऊ होतो. मग नखाने कोपरा उचलून, सरळ वर न खेचता मागे दुमडून, नळीलगत सावकाश ओढत जायचे असते. घाई केली की वरचा पापुद्रा हातात येतो आणि गोंद जागेवर राहतो. त्यातून स्टिकर उन्हात वाळून कडकडीत झालेला असेल, तर त्याचे टिकलीएवढे तुकडे निघतात आणि ‘एक्स्ट्रीम’ हा शब्द किती लांबलचक आहे, हे नखांना कळते.

उरलेल्या गोंदावर खोबरेल तेल चोळून ते मुरू द्यावे आणि मुदत संपलेल्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडावे, म्हणजे गोंद काळपट शेवयांसारखा वळत निघतो. फक्त तेलाचा हात रिमला लागू देऊ नये. नाहीतर ब्रेक दाबल्यावर सायकल खरोखरच टर्बो होते.

सीटखालच्या नळीवरच्या चंदेरी रेघांवर नख फिरवले, तर कडच लागेना. कारखान्यात त्या चिकटवून वरून पारदर्शक लॅकर मारलेले असते आणि त्या घालवायच्या तर रंगासकट घासाव्या लागतात, म्हणून त्यांना मी सन्मानाने राहू दिले.

ज्वाळा मात्र समूळ निघाल्या. पण सायकलचा लाल रंग इतकी वर्षे उन्हात विटला होता आणि अक्षरांखालचा तेवढा मूळच्या तजेल्याने टिकला होता. त्यामुळे पूर्वी पिवळ्या रंगात ओरडणारा ‘टर्बो’ आता गडद लाल रंगात, घरंदाज आवाजात तेच सांगतो आणि त्याच्यावर ना ड्रायर चालत ना तेल.

शेवटी राहिला हँडलखालच्या नळीवरचा गणपती. देवाला नख लावायचे नाही, असा आईचा हुकूम आधीच सुटला होता. नख न लावता नुसती ड्रायरची ऊब दिली तर चालेल का, असे मी अदबीने विचारले, तेव्हा तिने चष्म्यावरून पाहत सांगितले, “अरे, त्याला उकडीचे मोदक आवडतात, स्वतःला उकडून घेणं नव्हे.”