‘दाब २१ च्या आत, मग काचबिंदू कसला?’

सोसायटीच्या ग्रुपवर हा फॉरवर्ड तिसऱ्यांदा आला: ‘डोळ्याचा दाब २१ च्या आत असेल तर काचबिंदू होत नाही. प्लस नंबरवाल्यांनी निर्धास्त राहावे. मायनसवाल्यांनी लेझरने नंबर काढावा, धोकाही जातो.’

आधी २१ (मिलिमीटर पारा, हे दाबाचं माप). निरोगी लोकांच्या दाबाची सरासरी साधारण १५-१६. त्यात नेहमीचा चढउतार धरला की २१ येतो. ही आकडेवारीतली रेघ आहे. दाब तिच्या आत असूनही डोळ्याची नस सुकत गेलेले, म्हणजे काचबिंदू झालेले, रुग्ण असतात. शिवाय हा दाब मोजतात कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक थर, दाबून. दाब मोजायचं गोल्डमनचं यंत्र कॉर्निया सुमारे ५२० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन) जाड आहे असं धरून चालतं. तो पातळ असेल तर सहज दबतो आणि आकडा खोटाच कमी दिसतो. अमेरिकेतल्या ‘ऑक्युलर हायपरटेन्शन ट्रीटमेंट स्टडी’चे निष्कर्ष २००२ साली आले. दाब जास्त पण नस शाबूत, अशा लोकांपैकी ५५५ मायक्रॉन किंवा त्याहून पातळ कॉर्निया असणाऱ्यांना ५८८ हून जाड कॉर्निया असणाऱ्यांच्या तिप्पट काचबिंदूचा धोका दिसला.

प्लस नंबरचं विधान तर सरळ उलटं आहे. (चाळिशीनंतर लागणारा वाचायचा चष्मा वेगळा, त्याबद्दल हे नाही.) लहानपणापासून प्लस नंबर असलेला डोळा बहुधा आखूड असतो. कॉर्निया आणि बुबुळाचा रंगीत पडदा यांच्यामधली जागा आधीच कमी, त्यात वयाबरोबर आतलं भिंग जाड होतं आणि पडद्याला पुढे ढकलतं. डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हे) वाहून जाण्याची वाट कॉर्निया आणि पडदा जिथे भेटतात त्या कोपऱ्यातच असते. अंधारात बाहुली मोठी होते, कोपरा बंद होतो, दाब झपाट्याने चढतो. दिव्याभोवती रंगीत कडी, डोकं ठणकणं, उलट्या. घरचे पित्ताची गोळी देतात आणि मोलाचे तास जातात. कोपरा अरुंद असल्याचं आधी कळलं तर पडद्याला लेझरने बारीक छिद्र पाडून पाण्याला दुसरी वाट देता येते. त्यासाठी गोनिओस्कोपी, म्हणजे खास भिंग लावून हा कोपरा पाहण्याची तपासणी, हवी. नुसत्या दाबाच्या आकड्यात कोपरा दिसत नाही.

आणि लेझरने नंबर काढणं? त्यात कॉर्निया तासला जातो, मायनस नंबरचा लांबट डोळा लांबटच राहतो. मोठ्या मायनस नंबरचा काचबिंदूचा धोका तसाच, वर पातळ कॉर्नियामुळे दाब कमी मोजला जातो. म्हणून लेझरआधीचा दाब आणि कॉर्नियाची जाडी लिहिलेला कागद जपून ठेवा, आणि पुढच्या प्रत्येक तपासणीत डॉक्टरांना आधी तो दाखवा.