फेरो बेटं म्हणजे डेन्मार्कचा नुसता जिल्हा नव्हे

लेखात उत्तर अटलांटिक महासागरातल्या फेरो बेटांना 'डेन्मार्कचा दूरचा जिल्हा' म्हटलंय, ते काही पटलं नाही. १९४६ साली तिथे सार्वमत झालं आणि निसटतं का होईना, बहुमत स्वातंत्र्याच्या बाजूने पडलं. डेन्मार्कच्या राजाने थेट लोग्टिंग (तिथलं विधिमंडळ) बरखास्त केलं, नव्या निवडणुकीत डेन्मार्कसोबत राहू म्हणणारे जिंकले, आणि १९४८ मध्ये स्वशासनाचा कायदा आला. म्हणजे ही तडजोड आहे, दान नव्हे.

आज मासेमारी, कर, शाळा सगळं ३३ आमदारांचं लोग्टिंग बघतं. फेरोच्या पंतप्रधानांचं कार्यालय राजधानी तोर्शहाव्हनमधल्या टिंगानेस या भूशिरावर, गवताच्या छपराच्या लाल लाकडी घरांत! परराष्ट्र, संरक्षण, पोलीस, सर्वोच्च न्यायालय मात्र डेन्मार्ककडे. नोटांचं तर फारच गमतीशीर. त्या छापून घेते डेन्मार्कची मध्यवर्ती बँक, क्रोन या चलनाची किंमत डेन्मार्कमधल्या इतकीच, पण पन्नासच्या नोटेवर मेंढ्याचं शिंग आणि शंभरच्या नोटेवर कॉड माशाची शेपटी.

डेन्मार्क युरोपीय संघात आहे, फेरो नाही. कारण उघड आहे: स्वतःच्या समुद्रातल्या माशांवर ब्रुसेल्सचा (म्हणजे युरोपीय संघाचा) हक्क कोण चालवून घेईल?

आणि डॅनिश संसदेत १७९ पैकी फेरोचे खासदार दोनच, म्हणून हसू नका. २०२२ मध्ये डाव्या गटाचा बहुमताचा ९० चा आकडा फेरो आणि ग्रीनलंड (तोही डेन्मार्कच्याच राज्यातला) यांच्या जागा धरूनच गाठला गेला होता. याबद्दल लेखात एक ओळही नाही.