फ्लेमिंगोला टोपी

डिसेंबर लागला की मला एक प्रश्न हमखास येतो, "तुला स्फूर्ती कुठून मिळते गं?" विचारणारीच्या हातात मी केलेली कानातली असतात आणि विचारता विचारता ती त्यांची पाठ उलटून किमतीचा स्टिकर शोधत असते. मीही काहीतरी निसर्गबिसर्ग सांगून वेळ मारून नेते. सोसायटीचं मेंटेनन्स थकलंय, हे स्फूर्तिस्थान म्हणून सांगायला बरं दिसत नाही.

मी मण्यांचं काम करते. नौपाड्यातल्या वन बीएचकेत, डायनिंग टेबलाच्या खिडकीकडच्या अर्ध्या भागावर. उरलेल्या अर्ध्यावर घर जेवतं. हद्द ठरलेली आहे, पण मणी हद्द पाळत नाहीत. अकरा नंबरचा जपानी डेलिका मणी जेमतेम दीड मिलिमीटरचा. एका ग्रॅममध्ये साधारण 200 बसतात. त्यातून नंबर वाढला की मणी लहान होतो, म्हणजे पंधरा नंबरचा अकरापेक्षाही बारीक. नवऱ्याला हे आजतागायत पटलेलं नाही. तो बँकेत आहे. त्याच्याकडे मोठा आकडा मोठाच असतो. पंधरा नंबरचा काळा मणी आमटीत पडला तर मोहरी म्हणून खपून जातो. दाताखाली येईपर्यंत.

पण खरा तंटा पंख्याचा. कॅलेंडरवर थंडी असते, ठाण्यात दुपारी पारा तिशीच्या आसपास. काचेचे मणी पंख्यानं उडत नाहीत हे मला मान्य आहे. उडतं ते प्लास्टिकचं पाकीट, आणि मणी त्या पाकिटात असतात. मी पंखा बंद ठेवून, घामेजल्या बोटांनी बारा नंबरच्या सुईत दोरा ओवत बसते. घोडबंदर रोडचं ट्रॅफिक भोगून आलेला नवरा बूट काढायच्या आधी पंख्याचं बटण दाबतो. पुढचा अर्धा तास सगळं घर गुडघ्यावर.

फरशीवरचे मणी कणकेच्या गोळ्यानं टिपायचे, हा शोध सासूबाईंचा. गोळा फिरवला की मणी चिकटून येतात. त्या गोळ्याची पोळी होत नाही, एवढी खात्री मी करून घेते. केरात सापडलेले मणी कामवाल्या मावशी एका जॅमच्या बाटलीत टाकतात. त्या बाटलीत शेवाळी हिरव्याशेजारी हळदी पिवळा, त्याला टेकून एखादा निळा, असे कसेही पडलेले असतात. मी तासन् तास रंगचक्र घेऊन बसले तरी मला असं सुचत नाही. माझ्या निम्म्या रंगसंगती त्या बाटलीतून चोरलेल्या आहेत. मावशींना मी हे सांगितलेलं नाही. त्या हिस्सा मागतील, आणि तो रास्तही असेल.

ख्रिसमसच्या ऑर्डरी म्हणजे घंटा, चांदणी, रेनडिअर आणि हिमकण. ज्या बायकांनी बर्फ फक्त मच्छीवाल्याकडे पाहिलाय, त्यांनाच हिमकण सहा पाकळ्यांचा हवा असतो, आणि तोही पांढऱ्यावर पांढरा. ट्यूबलाइटखाली नळीचे पांढरे मणी पांढऱ्या दोऱ्यात ओवताना काय दिसतं? काहीही दिसत नाही. सगळं झाल्यावर विचारणा होते, "मशीनचं आहे का?" मी म्हणते, नाही, हाताचं. "मग स्वस्त असेल ना!" म्हणजे विजेचे पैसे वाचले म्हणून.

चेक प्रजासत्ताकात पोनिक्ला नावाचं गाव आहे. तिथे काचेची नळी तापवून साच्यात फुंकतात, तिचे पोकळ मणी होतात; त्यांना आतून चांदी चढवायची, वरून रंगवायचं, कापायचं आणि तारेत ओवून ख्रिसमस ट्रीवर टांगायच्या चांदण्या करायच्या. 2020 साली युनेस्कोनं ही कला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. मी जेवताना हे मोठ्या कौतुकानं सांगितलं. सासूबाईंनी घास खाली ठेवला आणि शोकेसकडे बोट केलं. तिथे त्यांच्या रुखवतातला पोपट आहे: तंगूस, हिरवे मणी, गहू मोत्यांचे पंख, लाल डोळा. "ह्याला काय धाड भरलीये?" मी युनेस्कोच्या वतीनं गप्प बसले. पोपटाची चोच खरंच सुरेख आहे, गाठ कुठे मारलीये ते मला अजून सापडलेलं नाही.

तर ह्या हिमकणांना कंटाळून मी यंदा फ्लेमिंगो केला. ऐरोलीच्या पुलावरून येताना ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलात ते दिसतात. थंडीत येतात, मेपर्यंत मुक्काम. 2015 पासून तिथे त्यांचं अभयारण्यही आहे. रेनडिअर काही कळव्याला उतरत नाही. मग आमच्या झाडावर आमचेच पाहुणे का नकोत?

रंगानं मात्र घाम फोडला. पक्षी शेवाळ आणि कोळंबीसारखे बारीक जीव खाऊन फुकटात गुलाबी होतो. काचेला खराखुरा गुलाबी रंग आणायचा तर बहुधा सोन्याचा अंश लागतो. स्वस्तातले गुलाबी मणी बहुतेक वरून रंगवलेले, खिडकीत ठेवले की फिकट पडतात. मी मधले घेतले. मानेत तार घातली, तिच्याभोवती नळीसारखी वीण घेतली, पाय एकच ठेवला.

पहिली गिऱ्हाईक म्हणाली, "बगळा आजारी आहे का?" दुसरीला तो रेनडिअर वाटला, "पण बाकीचे पाय कधी लावणार?" सासूबाई चष्मा लावून म्हणाल्या, "पोपटच करायचा ना."

खालच्या मजल्यावरच्या आंटी तेवढ्या वेगळ्या. ईस्ट इंडियन ख्रिश्चन, पिढ्यान् पिढ्या ठाण्याच्या. कलकलांचा, म्हणजे नाताळच्या गोड फराळाचा, डबा द्यायला वर आल्या होत्या. फ्लेमिंगो हातात घेऊन त्यांनी त्याला उजेडात फिरवला आणि म्हणाल्या, "हा माझ्या गोठ्यात ठेवते. येशूच्या गोठ्यात उंट चालतो, तर हा का नाय चालणार? उंट कधी बघितलाय का कोणी तलावपाळीवर?" आणि खरंच ठेवला, मेंढ्यांच्या मागे, तीन राजांच्या जरा पुढे. चर्चमधून येणाजाणाऱ्यांनी तो पाहिला आणि माझा फोन वाजायला लागला.

ऑर्डरी आल्या, पण प्रत्येकीची एकच अट: ख्रिसमसचं आहे ना, मग सांताची टोपी हवी. खाडीच्या पक्ष्याला टोपी! मी तत्त्व म्हणून नकार देणार होते, तेवढ्यात नवऱ्यानं मेंटेनन्सची नोटीस टेबलाच्या माझ्या अर्ध्या भागावर आणून ठेवली. टोपी पंधरा नंबरच्या लाल मण्यांत विणली, टोकाला पांढरा गोंडा. ती चढवल्याबरोबर मान खाली वाकली आणि पक्षी चिखलात काहीतरी शोधायला लागला. खरा फ्लेमिंगो असाच खातो, चोच उलटी करून, पण गिऱ्हाइकांना हे सांगून उपयोग नव्हता. शेवटी तार दुहेरी केली आणि पायाशी वजनाला जाड मणी ओवले.

काल त्यातल्याच एका बाईंचा फोन आला. नातवाचं बोरनहाण आहे, हलव्याचे दागिने करून द्याल का? मुकुटावर तोच पक्षी हवा. "टोपी मात्र काढा हां," त्या म्हणाल्या, "संक्रांतीला बरं नाही दिसत."