टाके कोरडे असताना दहा दिवस गोळ्या कशाला?

‘ऑपरेशननंतर दहा दिवस अँटिबायोटिक घ्याच, डॉक्टरांनी लिहून दिलं नाही तर मेडिकलमधून आणा. टाक्यांवर हळद दाबा, भात बंद करा. आदल्या रात्री घरीच ब्लेडने केस काढा.’ हा मेसेज तासगावच्या माझ्या आत्याने खरा मानला. हर्नियाचं ऑपरेशन नीट झालं होतं, टाके कोरडे, ताप नाही; तरी कुणाच्या तरी जुन्या चिठ्ठीवर गोळ्या आणल्या आणि जुलाबाने अंथरूण धरलं. म्हणून चिडून लिहितेय.

जंतू शिरतात ते जखम उघडी असताना. त्यामुळे औषध चिरा देण्याआधीच रक्तात पोचलेलं लागतं. १९९२ साली अमेरिकेत २,८४७ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. चिरा देण्याआधीच्या दोन तासांत डोस मिळालेल्यांपैकी ०.६ टक्के जणांची जखम पिकली. चिरा देऊन तीन तास उलटल्यावर मिळालेल्यांत ३.३ टक्के. भूल देण्याच्या सुमारास शिरेतून देतात ते इंजेक्शन यासाठीच असतं. ऑपरेशन फार लांबलं तर पुन्हा एक डोस देतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली स्पष्ट सांगितलंय की ऑपरेशन संपल्यावर निव्वळ खबरदारी म्हणून अँटिबायोटिक चालू ठेवू नये, अगदी जखमेतलं पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी असली तरी. उगाच घेतलेल्या गोळ्या पोटातले उपयोगी जंतू मारतात आणि औषधाला दाद न देणारे मागे उरतात.

अपेंडिक्स फुटलं असेल, आत पू असेल, तर गोष्ट वेगळी. तो उपचार आहे. डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यायचा, मधेच सोडायचा नाही.

ब्लेडने कातडीवर बारीक चिरा पडतात, तिथेच जंतू वाढतात. त्याच संघटनेचा सल्ला: केस काढूच नका, अगदीच लागलं तर क्लिपर, म्हणजे केस कापायचं मशीन; वस्तरा कधीच नाही.

आता हळद. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मलाही अभिमान आहे. तिच्यातलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत काही जंतूंना रोखतं, एवढं मान्य. पण डब्यातली पूड निर्जंतुक नसते, आणि पिवळ्या थराखाली टाक्यांची लाली दिसतच नाही.

भाताने पू होत नाही. मधुमेह असेल तर साखर सांभाळा, बाकी वरण-भात, अंडी पोटभर खा.

महिन्याभरात कधीही टाक्यांभोवती लाली पसरली, ठणका वाढला, पू किंवा ताप आला, तर ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनाच दाखवा. गोळ्या पुरतील की टाका उघडून पू काढावा लागेल, हे त्यांना जखम बघूनच ठरवता येतं.