एबोशीबाईंची भट्टी आणि आमची धरणीमाता

२०२५च्या मार्चमध्ये अख्ख्या महाराष्ट्राने लग्नाचे फोटो एआयकडून घिबली या जपानी अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या चित्रपटांसारखे करून घेतले, तिथवर ठीक होतं. पण फोटोंमागोमाग विचारवंत आले. मी टोकियोत राहते, पण आमच्या शाळेच्या ग्रुपवर तेव्हापासून एकच पालुपद: घिबलीचा दिग्दर्शक मियाझाकी, त्याच्या नायिका बघा, झाडापानांशी एकरूप, किती प्रेमळ! बाई म्हणजेच निसर्ग, हे जपान्यांना कळलं, आपल्या स्त्रीमुक्तीवाल्यांना कधी कळणार?

यांनी मियाझाकीचाच 'प्रिन्सेस मोनोनोके' (१९९७) बघितलाय का, एवढंच मला विचारायचंय. त्यात जंगल तोडणारी बाईच आहे. एबोशी. लोखंडाच्या भट्टीसाठी ती डोंगर बोडके करते आणि त्याच भट्टीवर कुंटणखान्यातून सोडवून आणलेल्या बायकांना काम देते. पायांनी भाता दाबत त्या काय खिदळतात, नवऱ्यांना काय सुनावतात! कुष्ठरोग्यांच्या जखमा एबोशी स्वतः धुते, आणि त्यांच्याचकडून बंदुका बनवून घेते. तिच्या जिवावर उठलेली सानही मुलगीच, लांडगिणीने वाढवलेली. आता यातला निसर्ग कोण आणि बाई कोण, ते ग्रुपवरच्यांनी सांगावं.

गंमत म्हणजे जपानातल्या खऱ्या तातारा भट्ट्यांवर, म्हणजे लोखंड गाळायच्या पारंपरिक भट्ट्यांवर, बायकांना पाऊल टाकायची बंदी असे. का, तर भट्टीची देवता कानायागो स्वतः बाई, आणि तिला दुसऱ्या बायका खपत नाहीत. देवापुढे बाई उंबऱ्याबाहेर, हे आपल्याला काही नवीन नाही. शनिशिंगणापूरचा चौथरा बायकांना खुला व्हायला २०१६ उजाडलं. (शनी देवी नाही, माहीत आहे.) इथे जपानात २०१८ साली माइझुरू शहरात सुमो कुस्तीच्या रिंगणात महापौर कोसळले, तर त्यांची छाती दाबायला धावलेल्या बायकांनाच माइकवरून 'खाली उतरा' सांगण्यात आलं. तेव्हा जपानचे गोडवे मला ऐकवू नका.

मात्र तिकडून कोणी जपानला नावं ठेवली की मीच चवताळते. शुक्रवारी रात्री साडेअकराला टोकियो मेट्रोच्या तोझाई लाइनमध्ये मी पर्स मांडीवर उघडी टाकून पेंगते. पुण्यात जमलं असतं? सकाळी त्याच लाइनवर बायकांचा वेगळा डबा का लागतो, यावर मी सहसा बोलत नाही. आणि घिबलीच्या एकाही मोठ्या चित्रपटाचं दिग्दर्शन आजवर बाईने केलेलं नाही, यावर तर नाहीच. सानच्या तोंडावरचं रक्त किती लाल असावं, हे ठरवणारी घिबलीची रंगसंयोजक मिचियो यासुदा मात्र बाई होती.

खरं तर मला बोलायचंय घिबलीचाच दुसरा दिग्दर्शक ताकाहाता याच्या 'ओमोइदे पोरोपोरो' (१९९१) या चित्रपटाबद्दल. ग्रुपवर त्याचं नावही निघत नाही, कारण त्यात गोंडस भुतं नाहीत. टोकियोत नोकरी करणारी सत्तावीस वर्षांची ताएको रजा काढून यामागाता या खेड्यांच्या भागात करडईची फुलं खुडायला जाते. करडई आपलीच, पण तिथे ती लाल रंगासाठी. खुडताना पूर्वीच्या मुलींची बोटं काट्यांनी रक्तबंबाळ व्हायची, आणि त्या फुलांची लाली त्यांच्या ओठांना कधी लागायची नाही, हे तिच्या मनात येतं. तिथला तरुण शेतकरी तोशिओ तिला सांगतो की ही रानं, हे ओढे, सगळं शेतकऱ्यांनी घडवलंय. पुढे घरातली आजी तिला विचारते, तोशिओशी लग्न करून इथेच राहशील का? ताएको शरमेने घराबाहेर पळते. तिचं गावावरचं प्रेम सुट्टीपुरतं होतं.

तो प्रसंग मला बघवत नाही. संगमेश्वरजवळ आमच्या शेतात वहिनी गुडघाभर चिखलात वाकून तरवा लावत होती आणि मी बांधावरून फोटो काढत होते. "वन्सं, कंबरदुखी येते का हो फोटोत?" तिने मान वर न करता विचारलं.

बाबांच्या पश्चात सातबाऱ्यावर दादाचं आणि माझं नाव लागलं. वहिनीचं नाही, राबते ती. धरणीमाता म्हणणाऱ्यांनी आपापल्या घरचा सातबारा एकदा काढून बघावा. दादाने मला हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवलाय, वकिलातीत जाऊन सही कर म्हणतो. मी कळवलं, हक्कसोड नाही, वहिनीच्या नावे बक्षीसपत्र करते. "तिथे बसून शहाणपणा शिकवू नकोस," असं उत्तर आलं.

तिथे बसून, हे बरोबरच आहे. ताएको शेवटी परतीच्या गाडीतून उतरते आणि यामागाताकडे माघारी वळते. मी वळणार नाही, मला माझी तोझाई लाइन हवी आहे. पण दादाच्या कागदावरही सही करणार नाही.